इयत्ता पाचवीचा गुडघा

माझ्यात अभिमान बाळगण्यासारखं फारसं काही नाही. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली आणि माझ्या नजरेतून एक वेलांटीसुद्धा सुटली नाही! गुपित आमच्या गुरूंचं : "अक्षरं बघ, अर्थात शिरू नकोस. अर्थात शिरलास की चूक निसटलीच!" पुस्तकात काय होतं ते मला घरी येऊन पुन्हा वाचल्यावरच कळायचं.

म्हणून देशभरातल्या शाळांसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीने भाषा तपासायला मला बोलावलं. मला! शाळेत कवायतीच्या तासाला मी कायम पोटदुखीची चिठ्ठी नेलेली!

समितीत अध्यक्षबाई होत्या, गळ्यात शिट्टी घालूनच चहा पिणारे खेळाचे सर होते आणि हाडांचे डॉक्टर होते. सर पाठ सांगायचे तोही उड्या मारत, आणि डॉक्टर तो समितीच्या कागदावर उतरवून घ्यायचे. एकदा डॉक्टरांनी माझं लंगडणं पाहिलं.

"गुडघा का हो?"

"असेल," मी म्हणालो. स्वतःच्या गुडघ्याबद्दलही मला खात्री नसते.

घरी कोण असतं ते विचारून त्यांनी तिथल्या तिथे समितीचाच एक कागद ओढून व्यायाम लिहून दिले. "रोज सकाळी, न चुकता!" पाचवीचा पाठही टंकलेखिकेला द्यायला माझ्याच हातात दिला. मी एक कागद तिला दिला, एक घडी करून खिशात घातला.

घरी तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला आणि हादरलोच! 'दोरीवरच्या पन्नास उड्या. बेडूकउड्या वीस. एका पायावर लंगडी, मैदानाला एक फेरी.' आता चूक डॉक्टरांची की माझ्या समजुतीची? आयुष्यभराच्या अनुभवावरून ठरवलं : माझीच. मैदान नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती लंगडी घातली.

"बाबा," सून दारातून किंचाळली, "हे डॉक्टर माणसांचेच आहेत ना?"

"मोठे आहेत. समितीवर आहेत."

दीड महिना उड्या मारल्या. गुडघा नारळाएवढा झाला. औषध लागू पडायच्या आधी दुखणं वाढतं म्हणतात, असं मनाला समजावलं.

दरम्यान पाठ छापून शंभर शाळांत प्रयोगासाठी गेले. त्यात माझ्या नातीची शाळाही होती. शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दप्तर फेकत आली.

"आजोबा, मला उद्यापर्यंत सून पाहिजे!"

सुनेच्या हातातली कपबशी खाली पडली. "काय पाहिजे?"

"सून! पाठातच आहे. 'खुर्चीत बसून पाय दहा वेळा सरळ करावा. सुनेचा हात धरून, सावकाश उठावे. चक्कर आल्यास पुन्हा बसावे.' बाई म्हणाल्या, ज्यांच्याकडे सून नाही त्यांनी शेजारची आणा!"

मी पुस्तिका हिसकावली. 'हात धरून'च्या पुढे स्वल्पविराम होता. तो मीच घातला होता! मग माझी नजर कपाटाच्या दाराकडे गेली आणि कुठला कागद कुठे गेला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाठावर कायमचा शिक्का बसणार होता. गप्प राहिलो तर देशातलं प्रत्येक पोर सुनेचा हात धरून उठणार. बोललो तर चाळीस वर्षांचं नाव पाण्यात! मी बैठकीला गेलो, हात वर केला, आणि भीतीने लगेच खाली घेतला.

सर अहवाल वाचत होते. "शंभर शाळा, एकही दुखापत नाही! असा निकाल मी जन्मात पाहिला नाही!"

"आणि कुटुंबाचा सहभाग!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "सुनेची कल्पना तर अपूर्व! डॉक्टर, तुमचीच ना?"

"छे, मला वाटलं सरांची."

"मला वाटलं बाईंची," सर म्हणाले. "मी आकडेच बघतो."

"तो माझा गुडघा आहे!" मी ओरडलो.

मग अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पुस्तिका उघडली आणि ते फळ्यासारखे काळवंडले.

"मग पाचवीचा खरा पाठ कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या कपाटाच्या दारावर."

"तिथे काय करतोय?"

"तो नाही करत. मी करतो. रोज सकाळी."

सरांनी शिट्टी तोंडात घातली, पण वाजवायचं विसरले. "बेडूकउड्यासुद्धा?"

"वीस."

"वय?"

"त्र्याहत्तर."

सर ताडकन उठले. "बाई, हे जिवंत आहेत! आणखी कसला पुरावा हवा? माझा पाठ मंजूर करा!"

बाईंनी सरांच्या पाठाच्या मंजुरीवर शिक्का मारला. जाताना डॉक्टरांनी समितीच्या फायलीतला माझा खरा कागद माझ्याच हाताने माझ्या खिशात घालून घेतला, आणि दोनदा चाचपून पाहिला.

आठवड्याने बैठकीचा वृत्तांत तपासायला माझ्याकडे आला. मी खुर्चीत बसून पाय दहा वेळा सरळ करत होतो. त्यात एक ओळ होती : 'सदर पाठाचा प्रयोग त्र्याहत्तर वर्षे वयाच्या एका विद्यार्थ्यावर यशस्वीरीत्या करण्यात आला'. पूर्णविराम राहिला होता.

या वेळी मी अर्थसुद्धा वाचला. दोनदा वाचला. मग मुकाट्याने पूर्णविराम दिला, आणि सुनेला हाक मारली.