दुसऱ्या बाकावरची ड्युटी

"उन्नती पंढरी भोईर!"

"हजर!"

दीपेश सरांचं पेन हजेरीपटावर थबकलं. नववी ब मध्ये असा भारदस्त आवाज कुणाचाच नव्हता. त्यांनी मान वर केली, तर दुसऱ्या बाकावर, हेमालीच्या शेजारी, उन्नतीचं दप्तर मांडीवर घेऊन एक म्हातारी ऐसपैस बसलेली. बाकीचा वर्ग हसू दाबून दाबून लालबुंद झाला होता.

"आजी, तुम्ही कोण?"

"राहीबाई. उन्नतीची आजी. पोरीचं डोळं आलंत, उघडत बी न्हाईत. मंग तिच्या जागी मी आले. घ्या पुढचं नाव."

आता यात चूक कुणाची म्हणाल, तर खुद्द सरांचीच. लग्नसराई लागली की त्यांचा निम्मा वर्ग हळदीत नाचायला जायचा आणि उरलेल्यांतली काही पोरं मानकोलीच्या गोडाऊनला कामाला. वैतागून सरांनी पालकसभेत टेबलावर मूठ आपटली होती, "आभाळ कोसळलं तरी पोराची जागा रिकामी राहता कामा नये!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात उन्नतीचे वडील पंढरी उठले. ते गोडाऊनवर वॉचमन. "बरोबर हाय, सर. रोज जाणार असंल तर पोरीला शिकवतो. एक खाडा पडला की पॅकिंगला लावतो." त्यालाही टाळ्या पडल्या. सर मात्र धास्तावले, कारण पंढरी बोलेल ते करणारा माणूस होता आणि उन्नतीसारखी गणितं सोडवणारी पोर सरांना बऱ्याच वर्षांत भेटली नव्हती.

"आजी, शाळेत असं चालत नाही हो."

"का न्हाय? गोडावनात चालतं. पंढरीला ताप आला, तवा त्याचा चुलतभाऊ गेटवर उभा राहिला. बदली म्हणतात त्याला. जागा भरली म्हंजे खाडा न्हाय."

"पण आजारपणाची रजा असते ना! अर्ज दिला की झालं."

"रजा म्हंजे खाडाच की, मास्तर. नुसता धुतलेला."

बसू दे एक तास, असं सरांनी मनाशी ठरवलं, आणि तिथेच घोळ झाला. आजी एक तास नाही, शाळा सुटेपर्यंत बसल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी अख्ख्या वर्गाला तांदळाच्या भाकरीचा तुकडा तुकडा वाटला, आणि बातमी भाकरीसकट घरोघर पोचली.

दुसऱ्या दिवशी आजी होत्याच. शिवाय प्रितेश मावशीच्या हळदीला गेला होता, त्याच्या जागी त्याचा काका बसला होता. भूपेशचं नाव घेतलं, तर शेवटच्या बाकावरून एक दाढीवाले गृहस्थ अदबीने उठले.

"जी, हाजिर."

"आप कौन?"

"भूपेश के पड़ोसी, सर. कपड़े के लूम पे काम करता हूँ. उसके पापा बोले, थोड़ा बैठ जाओ. मेरी शिफ्ट तो शाम को है."

नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका रीमा मॅडम दारात आल्या. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि सरांना बाहेर बोलावलं.

"सर, ही शाळा आहे की ग्रामसभा? उद्यापासून हे बंद. आणि त्या मुलीची गैरहजेरी मांडून मोकळे व्हा."

मोकळे व्हा म्हणायला मॅडमचं काय जात होतं! घरी सरांना जेवण गोड लागेना. आपल्याच पेनाने त्या पोरीला गोडाऊनला पाठवायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

सकाळी ते जड पावलांनी वर्गात शिरले. दुसऱ्या बाकाकडे न बघताच त्यांनी नाव घेतलं, "उन्नती पंढरी भोईर."

"हजर."

हा आवाज आजीचा नव्हता. बाकात कसेबसे गुडघे कोंबून, वॉचमनच्या निळ्या गणवेशात, साक्षात पंढरी बसले होते. रात्रपाळीने डोळे तारवटलेले, मांडीवर लेकीचं दप्तर.

"आईचं बी डोळं आलं," ते खाली बघत म्हणाले. "म्हणून ड्युटीवरनं सरळ इकडं आलो."

"पंढरीभाऊ, अहो, खाडा पडला तर तिला पॅकिंगला लावणारे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग खाडा पडला तरी लावू नका, झालं!"

पंढरींनी दप्तराचा पट्टा उगाच घट्ट केला, सैल केला.

"चार लोकांत बोलून बसलोय, सर. बोललो ते करावं लागंल. म्हणून तर खाडा पडू द्यायचा न्हाय."

सर बाकापाशी गेले. "अहो, तुम्ही खाड्याचं बोलला होतात. आजारपण हा खाडा नसतोच मुळी! मी सांगतो ना. तिला बरं वाटू दे, मग पाठवा."

"नसतो?" पंढरी ताडकन उठायला गेले आणि बाकात अडकले. "मंग हे आईला सांगायचं ना! रात्रभर जागून आलोय मी!"

"सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, रजा म्हणजे धुतलेला खाडा."

वर्ग खो खो हसला. पंढरीही हसले. मग निघायचं सोडून पुन्हा नीट बसले. "आता आलोच हाय तर बसतो. कुठला धडा हाय? घरी पोरीला सांगीन."

धडा सुरू झाला आणि लगेचच पंढरींचं डोकं दप्तरावर टेकलं. कुणी त्यांना उठवलं नाही. सर आवाज हळू करून शिकवू लागले आणि शिकवता शिकवता, सकाळपासून खुपणारा आपला डावा डोळा चोळू लागले.

हेमालीच्या ते बरोबर लक्षात आलं. "सर, तुमचा डोळा लाल झालाय. उद्या तुमच्या जागी कोण?"

दप्तरावरून, झोपेतच, पंढरी पुटपुटले,

"मी हाय ना."