भाषा एकाकडे, अक्षरं दुसऱ्याकडे

सत्ता आणि संगणक या दोन्ही गोष्टी माणसाला आधी मिळतात आणि मग, जमलं तर, कळतात. मांजरसुंब्याच्या बालवाडी मंडळाला संगणक १९९७ साली मिळाला. हार घातला, नारळ फोडला (संगणकावर नव्हे, शेजारी, तरी पाणी उडालंच). औरंगाबादहून आलेल्या इंजिनिअरने जाताना बजावलं, की भाषा एका ठिकाणी निवडायची आणि अक्षरं कशी दिसावीत ते दुसऱ्या ठिकाणी.

दोन ठिकाणं म्हटली की आमच्याकडे दोन पदं होतात. भाषा अध्यक्ष अर्जुनरावांच्या गटाला गेली, अक्षरं उपाध्यक्ष ईश्वरप्पांच्या. दोघांना एकेक टेबलपंखा आणि माउस आळीपाळीने. इतकी निर्मळ वाटणी मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अर्जुनरावांनी भाषा मराठी केली. अप्पांना न विचारता केली, म्हणून अप्पांनी अक्षरं इंग्रजीच ठेवली. पडद्यावर चौकटी, उद्गारचिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं उगवली.

"अप्पा, अक्षरं बदला की."

"तुमी भाषा बदला. आमी कावून वाकावं?"

दोघांचंही बरोबर होतं (सभेने तसा ठरावच केला).

मधल्या मधे गीताबाई अडकल्या. चौसाळ्याच्या बालवाडीत बाईंची जागा मिळावी म्हणून त्यांचा अर्ज होता. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. मंडळाचं उत्तर हातात पडलं, त्यात ओळखीचा फक्त गोल शिक्का.

"सायेब, ह्यात मला घेतलंय का न्हाई?"

"शिक्का हाय न्हवं? मंग झालं तर," कारकून मोहनराव म्हणाले.

चौसाळ्याच्या बालवाडीचे प्रमुख केदारनाथ गुरुजी यांनी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला, उलटा धरूनही वाचला. वाचता येत नाही म्हणावं तर गुरुजी कसले? "अगदी स्पष्ट आहे," म्हणाले, आणि बाईंना हजर करून घेतलं. दुपारी शेतकरी धुळाजी आपला कागद घेऊन आले. त्यांनी गोठ्यावरच्या पत्र्यांसाठी अर्ज केला होता (बालवाडी मंडळाकडे का, हे विचारू नये). त्यांचाही कागद तितकाच स्पष्ट निघाला, तेव्हा त्यांनाही पोरांना गाणी शिकवायला ठेवलं. पोरं लई खूश झाली.

पुढे अप्पांच्या लेकीची, रुचिकाची लग्नपत्रिका त्याच संगणकावर छापायची ठरली आणि अक्षरं पाच मिनिटांत मराठी झाली. मोहनरावांनी त्या झपाट्यात जुने आदेशही स्वच्छ छापून चौसाळ्याला पाठवले. गीताबाईंचा अर्ज नामंजूर होता. धुळाजींना पत्रे मंजूर होते.

गीताबाईंनी आपला कागद वाचला. तो दडवता आला असता. तरी बाई प्रामाणिक. कागद गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी शिक्का पाहिला, खाली 'वाचले' लिहून सही ठोकली आणि म्हणाले, "बाई, वर्गावर जा, पोरं खोळंबलीत."

बाई आजही तिथेच शिकवतात, आणि छान शिकवतात. गुरुजींना खुशाल हसा. तुमच्या कपाटातले कागद तर पहिल्यापासून स्वच्छ मराठीत आहेत. सही करण्याआधी त्यातला एखादा वाचला होतात?