मासेमारीची तोंडी परीक्षा

"हॉबी काय सांगणार तू?" विनयने कढईतली बटाट्याची भाजी परतत विचारलं.

"वाचन," गिरीश म्हणाला.

"नापास!"

गिरीश सोमण सांगलीहून एम.एस. करायला आला, त्याला जेमतेम महिना झाला होता. साल चौऱ्याऐंशी. युनिव्हर्सिटी शिकागोच्या पश्चिमेला, चारी बाजूंनी मक्याची शेतं. असिस्टंटशिप मिळाली होती, पण लॅबमध्ये शिकवायला उभं राहण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांना मिसेस ओल्सन यांच्याकडे इंग्रजी संभाषणाची तोंडी परीक्षा द्यावी लागे. नापास झाला की असिस्टंटशिप गेली, आणि असिस्टंटशिप गेली की गाशा गुंडाळून परत सांगली. तिकडे निरोपाला सगळी गल्ली हार घेऊन आली होती. त्यांना आता कोणत्या तोंडाने भेटायचं, या विचाराने त्याला घास जात नव्हता.

विनय त्याचा रूममेट आणि सीनिअर. म्हणजे सल्ला देण्याचा त्याला जन्मसिद्ध हक्क.

"वाचन म्हटलंस की ती विचारणार, काय वाचलंस? मग फसलास. यार, अमेरिकन माणूस खूश होईल असं काहीतरी पाहिजे. फिशिंग!"

"अरे, मी मासा कधी खाल्ला पण नाहीये!"

"खायचाय कुठे? नुसता सांगायचाय. मी पॅरेग्राफ डिक्टेट करतो, तू पाठ कर."

पाठ करायचं म्हटल्यावर गिरीशच्या जिवात जीव आला. बोर्डात आलेला मुलगा तो. गाईचा निबंध, न्यूटनचे नियम आणि पानिपतच्या पराभवाची कारणं त्याने एकाच चालीवर पाठ केली होती. आता तो आंघोळीत, बसमध्ये, लाँड्रीत माशांबद्दल पुटपुटत हिंडू लागला. लाँड्रीतल्या एका बाईने तर आपले ओले कपडे तसेच उचलून काढता पाय घेतला.

परीक्षेच्या दिवशी मिसेस ओल्सन यांनी हसून स्वागत केलं. बाई अतिशय प्रेमळ, पण समोर पडलेली चूक उचलून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"मायसेल्फ गिरीश."

"आय ॲम गिरीश," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

"आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स."

"आय हॅव."

गिरीशला घाम फुटला. तेवढ्यात छंदाचा प्रश्न आला आणि त्याने डोळे मिटून, किंचित डुलत, अख्खा परिच्छेद एका दमात म्हणून टाकला. चूक एकही नाही.

"अय्या, माझ्या नवऱ्याला, वॉल्टरलाही मासेमारीचं वेड आहे!" बाई इंग्रजीत म्हणाल्या, पण भाव अगदी 'अय्या'चाच होता. "सर्वांत मोठा मासा केवढा पकडलास?"

हे परिच्छेदात नव्हतं. गिरीशने हात थोडे फाकवले. बाई खूश दिसल्या, म्हणून आणखी फाकवले. शेवटी मासा त्याच्या धाकट्या बहिणीएवढा झाला.

"मग त्याचं काय केलंस?"

गिरीशला परिच्छेदातलं शेवटचं वाक्य तेवढं आठवलं. "इट इज व्हेरी रिलॅक्सिंग."

मिसेस ओल्सन यांनी पेन खाली ठेवलं. "गिरीश, तुझ्या बोलण्यात आधी चुकाच चुका, मग एकदम एकही नाही. मी यातल्या कशाला मार्क देऊ? असं कर, शनिवारी वॉल्टरबरोबर तळ्यावर जा. मनमोकळ्या गप्पा मार. तो सांगेल तो निकाल."

"सर्दी झालीय म्हणून कॅन्सल कर," हे ऐकून विनय म्हणाला.

"अरे, निकाल त्यांच्या हातात आहे!"

"मग जा. पॅरेग्राफ आहेच की."

शेवटी परीक्षाच ती, म्हणून शनिवारी गिरीश सांगलीत शिवलेला सूट आणि टाय घालून तयार राहिला. वॉल्टर पिकअप ट्रक घेऊन आले. धिप्पाड गृहस्थ, डोक्यावर मळकी टोपी. त्यांनी सूटकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. वाटेतही बोलले नाहीत. तळ्यावर पोचल्यावर त्यांनी गिरीशच्या हातात एक गळ आणि गांडुळांचा डबा दिला.

गांडुळं वळवळत होती. "घाबरू नका रे, मी काही करत नाही," असं त्यांना मराठीत सांगून गिरीशने डबा बंद केला आणि रिकामाच गळ पाण्यात टाकला.

सकाळ सरली तरी वॉल्टर गप्पच. गिरीशचा धीर सुटू लागला. हा माणूस बोलला नाही तर मार्क कसले देणार? शेवटी त्याने पुन्हा तो परिच्छेद म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"कोणी शिकवलं हे?" वॉल्टरनी विचारलं.

झालं! गिरीशचा बांध फुटला. "सर, आय ॲम टेलिंग लाय! आय ॲम नॉट नोइंग फिशिंग! मायसेल्फ प्युअर व्हेजिटेरियन! प्लीज सर, डोन्ट सेंड मी टू सांगली!"

वॉल्टरनी आपली दोरी ओढून वर घेतली. तिला गळच नव्हता.

"मलासुद्धा मासे पकडता येत नाहीत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी शेतावर वाढलो, शाळा अर्धवट सोडली. घरी तोंड उघडलं की मार्था दुरुस्त करते. मीठ मागितलं तर आधी वाक्य नीट करायचं, मग मीठ मिळतं. म्हणून घरी मी बोलणंच सोडलं. इथे येऊन बसतो. मासे चुका काढत नाहीत."

त्यानंतर दोघांनी पार दुपार टळेपर्यंत मनसोक्त चुकीचं इंग्रजी बोलून घेतलं. गिरीशने सांगलीची गल्ली सांगितली, वॉल्टरनी मेलेल्या घोड्याची आठवण काढली आणि दोघांचेही डोळे भरून आले. वॉल्टरना गिरीशची वाक्यं इतकी आवडली की त्यांनी दोन-चार उचललीसुद्धा.

सोमवारी मिसेस ओल्सन यांनी सही केलेला कागद गिरीशपुढे ठेवला. "पास! वॉल्टर म्हणाला, इतकं छान बोलणारा मुलगा त्याने पाहिला नाही." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "आणि आज नाश्त्याला तो आपण होऊन माझ्याशी बोलला. किती वर्षांनी!"

"काय म्हणाले?" गिरीशने दबकत विचारलं.

"'मार्था, आय ॲम लव्हिंग यू सिन्स लाँग टाइम.'"

गिरीशने मान खाली घातली. "सॉरी मॅडम. तुम्ही करेक्ट केलंत ना?"

"मी ते वाक्य पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं," मिसेस ओल्सन चष्मा पुसत म्हणाल्या. "मला चूक सापडली नाही."