सर्दीतला नमस्कार

वरदनं अख्ख्या कॉलेजला सांगून ठेवलं होतं, "शनिवारी या. मी नुसतं नमस्कार म्हणणार, कंप्युटर आवाज ओळखणार आणि दिवा लागणार. बटणांचे दिवस संपले गड्यांनो!" शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, साल सत्त्याण्णव, त्यामुळं सांगलीत त्याची मान जरा ताठच होती.

गुरुवारी सहज तपासायला बसला. "नमस्कार." दिवा गप्प. "नमस्कार." गप्प. पंधराव्यांदा वरदचा आवाज रडवेला झाला, तरी दिवा रुसलेल्या जावयासारखा बसलेला.

जोडीदार शाहनवाज, आष्ट्याचा, डोक्यानं लय थंड. त्यानं आवाजाचे जुने-नवे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले. जुन्यात न आणि म पाशी पट्टे पुसल्यासारखे.

"मशीनला आवाज शिकवताना तुला काय झालतं रं?"

"काय न्हाई. जानेवारीत..." वरदचा हात नाकाकडं गेला. "सर्दी होती."

"किती दिवस?"

"शिकवत होतो तेवढे दिवस."

म्हणजे दोनशे वेळा म्हणलेला नमस्कार चोंदल्या नाकाचा! नव्यानं शिकवायला चार दिवस लागणार, परीक्षा परवा. प्रोजेक्ट गेलं की वर्ष गेलं, पुण्याची नोकरी गेली.

"मग सर्दी कर," शाहनवाज म्हणाला.

एप्रिलात सांगलीत सर्दी करणं म्हणजे माणच्या दुष्काळी रानात होडी हाकणं. तरी वरदनं अकरा बर्फाचे गोळे खाल्ले, ओल्या डोक्यानं कूलरपुढं झोपला, दह्याचं गाडगंच तोंडाला लावलं. शनिवारी सकाळी नाक गच्च! "नबस्कार." दिवा लख्ख. दोघं टेबलाभोवती नाचले.

परीक्षक अकराला येणार होते. दहाला साताऱ्याहून राहीआत्या आली. काल फोनवर भाच्याचं नाक ओढणं ऐकून ती पहिल्या एसटीनं निघाली होती. आल्या आल्या पिशवीतनं थर्मास काढला.

"आत्या, नको. सर्दी पाहिजे मला."

"डोक्यात गेली वाटतं. पी."

"परीक्षा झाल्यावर पितो की."

"असल्या नाकानं साहेबापुढं उभा राहणार? लोक म्हणतील, घरात कुणी बघणारं हाय का न्हाई."

आत्यापुढं कोण बोलणार? आलं-मिऱ्याचा काढा, कपाळावर वेखंड, वर चादर घालून वाफारा. पावणेअकराला वरदचा आवाज शाळेच्या घंटेसारखा खणखणीत झाला. त्याला रडू आलं, पण रडूनसुद्धा नाक चोंदेना.

परीक्षक आले. वरद म्हणाला, "नमस्कार." दिवा गप्प. नाक दाबून म्हणाला. गप्प. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वरदला पुढचं अख्खं वर्ष दिसायला लागलं.

तेवढ्यात थर्मास घेऊन आत्या दारात. वडीलधारी बाई बघून साहेबांनी हात जोडले, "नबस्कार."

दिवा लागला!

साहेब पहाटेच्या गाडीनं कोयनानगरहून आले होते, गार वाऱ्यात खिडकीशी बसून. त्यांनी दिव्याकडं बघितलं, माइककडं बघितलं, परत म्हणाले, "नबस्कार." परत लख्ख.

"बाझाही ओळखतो?"

"कुणाचाही ओळखतो सर," वरद म्हणाला. शाहनवाजनं त्याचा पाय तुडवला.

"उत्तब! पैकीच्या पैकी देतो. पण दुपारी प्राचार्यांसबोर बी स्वतः बोलणार, बग सही."

वरदनं सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात मागनं पेल्यात काहीतरी ओतल्याचा आवाज आला.

"आवं साहेब, किती ही सर्दी! काढा उरलाय, घ्या की गरम गरम."

साहेबांनी हात पुढं केला.