कपाळाची हद्द

माणसाचा चेहरा हनुवटीला संपतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो सुरू कुठे होतो, हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि सामान्य माणसावर सोपवण्यासारखा नाही. म्हणून आमच्या बारांको व्हिएहो गावात तो नागरी ओळख कार्यालयाने आपल्या ताब्यात घेतला. कार्यालयाचं परिपत्रक क्रमांक चौदा सांगतं : चेहरा केसांच्या रेषेपासून सुरू होतो, रेषा सरकली, तर चेहरा दुसरीकडून सुरू होतो, आणि दुसरीकडून सुरू होणारा चेहरा दुसऱ्याचा असतो. या तर्कात मला आजवर एकही फट सापडलेली नाही, आणि मी पुष्कळ वाचलेली बाई आहे.

निसर्गाला हे परिपत्रक मिळालेलं नसावं. तो आपला जुन्या पद्धतीने काम करतो. पंचविशी-तिशीत पुरुषाच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, मधे एक भूशिर उरतं, मग डोक्यावर मागच्या बाजूला एक तळं दिसू लागतं, आणि एक दिवस भूशिर तळ्यात बुडतं. हे आजारपण नाही, पाप नाही, आणि फार विचार केल्याचं लक्षणही नाही (याबद्दल टक्कल पडलेल्यांचं मत वेगळं आहे). वय झालं की होतं, एवढंच.

आमच्या गावात मात्र होत नाही. पन्नाशीपुढचे पुरुष चारशे बारा. ओळखपत्रांवरून मोजलं तर टक्कल असलेले शून्य. याचं श्रेय गावातल्या एकुलत्या एक फोटोवाल्याला. तो भिडस्त आहे. कार्ड नवं करायला गिऱ्हाईक आलं, की तो त्याला खुर्चीवर बसवतो, दिवा लावतो, "हसा" म्हणतो आणि त्याचा लग्नानंतरच्या वर्षातला फोटो पुन्हा छापून देतो. आजवर कोणीही तक्रार केलेली नाही.

फोटो आणि डोकं यांच्यातलं अंतर भरून काढतो ओलिंतो न्हावी. डाव्या कानाच्या वर केस वाढवायचे आणि चोपडून उजव्या कानापर्यंत न्यायचे, याला आमच्याकडे 'पूल' म्हणतात. मागदालेना नदीवर पूल बांधायचं वचन आम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून मिळत आलंय, आणि अजूनही होडीनेच पलीकडे जावं लागतं. तोवर गावात लहानमोठे तीनशे पूल उभे आहेत, आणि सरकारला त्यांचा काही खर्च नाही.

त्यातला एक माझ्या वडिलांचा होता.

नेमेसियो पायारेस, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त नदी-मोजणीदार. एकतीस वर्षं पापांनी पितळी टेपने काठ मोजला आणि नदीने किती गिळला ते दर महिन्याला कळवलं. एक सेंटिमीटरही कधी इकडचा तिकडे केला नाही. नगरपालिकेने एकदा सुचवलं होतं, की पाहणीला बडी माणसं येणार आहेत, तर या महिन्यापुरता काठ थोडा पुढे घ्या. पापा म्हणाले, "नदीला कळवा." आणि हाच माणूस रोज सकाळी आरशासमोर वीस मिनिटं उभा राहून पूल बांधायचा आणि मला विचारायचा, "दिसतंय?"

"नाही पापा," मी म्हणायची. आई गेल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. सतरा वर्षं.

शेवटच्या मंगळवारीही म्हटलं. त्या दिवशी ते हयातीचा दाखला आणायला निघाले होते. निवृत्त माणसाने वर्षातून एकदा कार्यालयात जाऊन आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायचं असतं. श्वास चालू आहे एवढ्यावर तिथे भागत नाही. श्वास कोणीही घेतो. पापांनी पांढरा सदरा घातला, केसांना ब्रिलियंटाइनचं सुगंधी तेल चोपडलं, आणि वारा नसलेल्या गल्लीने आम्ही गेलो.

पंख्याचा विचार आमच्या डोक्यात आला नव्हता. कार्यालयातल्या यादिरा डॉक्टरबाईंच्या टेबलाशी एक उभा पंखा आहे. (आमच्याकडे ज्याच्या हातात शिक्का असतो त्याला डॉक्टर म्हणतात. खऱ्या डॉक्टरला नावाने हाक मारतात.) पंखा वळला आणि पापांचा पूल उजव्या कानापासून उचलला जाऊन दार उघडावं तसा उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी कार्ड पाहिलं, पापांकडे पाहिलं. "कार्डावरचे गृहस्थ कुठायत?"

"मीच तो."

"तुम्ही कसे? त्यांचे केस इथून सुरू होतात." त्यांनी फोटोवर नख टेकवलं आणि मान उंच केली. "तुमचे तर... कुठूनच सुरू होत नाहीयेत."

रांग हसली. आमच्याकडे रांगेत उभं राहण्याचा मोबदला तेवढाच असतो.

"बाई, फोटोला एकतीस वर्षं झाली."

"मग कळवायचं नाही? नदी हातभर सरकली की लगेच कळवत होतात!"

"नेमेसियो, अरे पूल गेला वाहून!" मागून कोणीतरी ओरडलं. ओरडणाऱ्याने स्वतःचा पूल हाताने दाबून धरला होता, हे मी पाहिलं.

पापांनी दोन्ही हातांनी केस खाली बसवले. पंखा परत आला. त्यांनी पुन्हा बसवले. असं चार वेळा झालं. पंखा बंद करा, असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

डॉक्टरबाई तशा निर्दय नाहीत. त्यांनी मार्ग सांगितला : 'कपाळाच्या नैसर्गिक माघारीचा दाखला' आणा. त्यावर किमान दहा वर्षं धंद्यात असलेल्या न्हाव्याची सही हवी; भुवईपासून केसांपर्यंतचं अंतर हवं, जुनं आणि नवं; आणि अर्जदाराच्या वयाचे दोन साक्षीदार हवेत, मात्र ते केसाळ हवेत, कारण टक्कल असलेल्या साक्षीदाराची स्वतःचीच ओळख पटलेली नसते. तोवर नेमेसियो पायारेस यांची हयात स्थगित.

घरी येऊन पापा फुटपाथवरच्या झुलत्या खुर्चीत बसले. मी कॉफी आणि मक्याची तळलेली अरेपा आणली. अरेपा त्यांनी हातात धरून ठेवली.

"नोएमी, खरं सांग. इतकी वर्षं दिसत होतं का गं?"

माझ्याकडे तेव्हा खरं बोलायला सबंध संध्याकाळ मोकळी होती.

"पंख्यामुळे झालं ते, पापा. एरवी नाही दिसत."

"हं," ते म्हणाले. "पंखाच तो." मग थंड झालेली अरेपा खाल्ली.

बुधवारी पहाटे ते त्याच खुर्चीत गेले. पूल बांधायच्या आधी.

इथून पुढचं कामकाज नियमाप्रमाणे झालं. आमच्याकडच्या उन्हात माणसाला त्याच दिवशी पुरावं लागतं, आणि पुरायला कार्यालयाचा परवाना लागतो. नऊ वाजता मी दारात उभी होते.

"फार वाईट झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पण कोण गेलं?"

"माझे वडील."

"ते झालं तुझं. कार्यालयाचं काय? कालच्या गृहस्थांची ओळख पटलेली नाही. न पटलेला माणूस पायारेस म्हणून कसा पुरू? खरे पायारेस उद्या येऊन उभे राहिले म्हणजे?"

"ते येणार नाहीत."

"तशी हमी कोणालाच देता येत नाही, पोरी."

मी घरी आले आणि पापांचा पितळी टेप काढला. भुवईच्या मध्यापासून मोजलं. टेप सैल सोडायचा नाही, जमीन जशी असेल तशी मोजायची, असं त्यांनीच शिकवलं होतं. साडेअकरा सेंटिमीटर. फोटोच्या हिशेबाने पूर्वी सहा पूर्णांक दोन. म्हणजे एकतीस वर्षांत पाच पूर्णांक तीन, वर्षाला पावणेदोन मिलिमीटरही नाही. तेवढ्याच काळात नदीने गावाचा चौऱ्याऐंशी मीटर काठ नेला होता, आणि नगरपालिकेच्या नकाशावर तो अजून जागच्या जागी आहे. त्या मानाने माझ्या बापाने फार थोडी जागा सोडली होती. मोजताना माझा हात त्यांच्या कपाळाला लागला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

ओलिंतोने सही दिली. आकडे मात्र डॉक्टरबाईंनी नाकारले. मुलीने घेतलेलं माप ग्राह्य नाही. दुःखात टेप ताणला जातो. साक्षीदारांचा प्रश्न तर सुटण्यातलाच नव्हता. पापांच्या वयाचे केसाळ पुरुष गावात दोन, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

उपाय देल्फिना आत्याने काढला. आत्या म्हणजे पापांची धाकटी बहीण, आणि चर्चमधल्या नाझरेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या, मूर्तीची राखणदार. मूर्ती लाकडाची, पण केस खरे. नवस फेडायला गावातल्या मुली वेणी कापून देतात आणि त्याचा टोप करतात. गेली शंभर वर्षं नाझरेनोची केसांची रेषा तसूभरही हललेली नाही.

"अगं, दोन तासांपुरता तर आणायचा," आत्या म्हणाली. "पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकीला अजून महिना आहे. त्यालाही जरा वारा लागेल डोक्याला."

"आत्या, देवाचे केस?"

"देवाचे कसले? निम्मे माझ्या मैत्रिणींचे आहेत. एक वेणी तुझी आहे. विसरलीस?"

विसरले नव्हते. मी नऊ वर्षांची असताना पापा पुरात तीन दिवस बेपत्ता झाले होते. चौथ्या दिवशी होडीतून परत आले, आणि पाचव्या दिवशी मी वेणी दिली.

ओलिंतोने टोप बसवला. देवाचे केस कापता येत नाहीत, म्हणून त्याने खालचा दीड हात सदऱ्याच्या कॉलरमधून आत सोडला आणि वर टाचण्या लावल्या. "मास्तर, हलू नका," तो सवयीने म्हणाला, आणि पुढची टाचणी उचलली.

तीन वाजता डॉक्टरबाई शिक्का पर्समध्ये घालून आल्या. कार्ड हातात धरून शवपेटीवर वाकल्या. लाकडी देवाचे केस, चौऱ्याहत्तर वर्षांचा मेलेला माणूस आणि कार्डावरचा त्रेचाळीस वर्षांचा कोणीतरी. त्यांचा चेहरा उजळला.

"आता कसं! हुबेहूब." त्यांनी तिथेच, शवपेटीच्या कडेवर ठेवून, परवान्यावर शिक्का मारला. "बघा, नियम पाळला की कोणाला त्रास होत नाही."

"काय तरुण दिसतोय नेमेसियो!" जमलेले म्हणू लागले. मंगळवारी रांगेतून ओरडलेला गृहस्थ डोळे पुसत होता. "असाच होता बघा तो. अगदी असाच."

असा नव्हता. मी घरात होते, मला माहीत आहे.

पेटीचं झाकण लावायला माणसं उठली. ओलिंतो माझ्याकडे पाहत होता. टोप काढायचा तो गर्दी पांगल्यावर, पेटी मोटारीत चढवण्याआधी झाकण उचलून, असं ठरलं होतं, म्हणजे कोणालाच काही दिसणार नाही. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर टाचण्या काढायला लागले. सात होत्या.

"पोरी, थांब," आत्या कुजबुजली. "परवाना जाईल."

डॉक्टरबाईंनी परिपत्रक मनातल्या मनात वाचलं असावं. मग म्हणाल्या, "शिक्का बसलाय. शिक्क्यानंतर माणूस बदलला, तरी शिक्का बदलत नाही." ही तरतूद त्यांनी त्या क्षणी तयार केली की आधीपासून होती, हे मी अजून विचारलेलं नाही. एवढं मात्र पाहिलं, की बोलताना त्यांचा हात स्वतःच्या भांगाकडे गेला होता, जिथे रुंद झालेली वाट त्या काळ्या पेन्सिलीने भरतात.

मी टोप उचलून आत्याच्या हातात दिला. खिडकीतून नदीवरचा वारा आला. डाव्या कानावरचे पापांचे केस हलले आणि जिथे गेले तिथेच राहिले. साडेअकरा सेंटिमीटर, उघडे. खोलीतल्या सगळ्या पुरुषांचे हात एकाच वेळी वर गेले आणि आपापल्या डोक्यावर येऊन थांबले. कोणी हसलं नाही.

कामकाज पूर्ण व्हावं म्हणून नोंदवते : कार्यालयाच्या दफ्तरी केस असलेले नेमेसियो पायारेस वारले. टक्कल असलेल्या नेमेसियो पायारेस यांची हयात अजून स्थगित आहे. त्यांनी समक्ष येऊन खुलासा करावा, असं पत्र मरणानंतरच्या नवव्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी घरी आलं.

आणि वाचकहो, हे वाचताना तुमचा हात एकदा तरी कपाळाकडे किंवा भांगाकडे गेलाच असेल. आता उठून घरातल्या कोणाला तरी विचारा, दिसतंय का म्हणून. "नाही" म्हणतील. तुमच्यावर त्यांचं प्रेम आहे. माझंही होतं.

झाकण लावण्याआधी मी वाकले. कानात सांगणार होते, पण पापांना हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले :

"दिसतंय, पापा. सतरा वर्षं दिसत होतं. आई होती तेव्हाही दिसत होतं. आणि तुम्हाला ते छान दिसतं."