दाढेची जन्मतारीख

या, असे जवळ सरका. कुंडलच्या आकारामाच्या विहिरीची कथा सांगतो. खरी किती ते विचारू नका. मोकळेपणानं हसलात तरी ते देवाला पोचतं.

साल चौऱ्याण्णव, महिना मे. फौजेतून पेन्शनीत आलेल्या आकारामानं मळ्यात विहीर काढली. पंचवीस फुटांवर पाण्याआधी एक दाढ लागली. वरवंट्याएवढी, दगड झालेली. आकारामानं तिला हळदकुंकू वाहिलं आणि सरकारला कळवलं. यांतलं पहिलं चुकीचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी प्राचीन वस्तू वयनिश्चिती कक्षाचे प्रमुख नानासो आले. त्यांनी विहिरीला दोरी बांधून पाटी लावली : 'सदर दाढेचे वय सिद्ध होईपर्यंत काम मना.' मृग महिन्यावर आला होता. त्याआधी दगडी बांधकाम झालं नाही, तर काठ ढासळून विहीर बुजणार होती.

"आवं, हळदकुंकवावर भागलं नसतं व्हय?" चार महिने मातीच्या पाट्या वाहिलेली बनुबाई नवऱ्यावर कडाडली. "सरकारला कशाला बोलावलं जेवाय?"

आकारामानं कराडच्या कॉलेजातून राजरत्न सरांना आणलं. सरांनी दाढेवरच्या घड्या मोजल्या.

"ही हत्तीच्या कुळातली. कुळाचं झाड मांडलं, की काही फांद्यांचं वय आधीच ठाऊक असतं. त्यांच्यामध्ये ही कुठं बसते ते घड्यांवरून कळतं. अंदाजे पन्नास हजार वर्षं. चार-पाच हजार इकडंतिकडं."

"'अंदाजे' नियमात नाही," नानासो म्हणाले. "झाड असेल तर सातबाऱ्यावर नोंद दाखवा. आणि कूळ म्हणालात?"

"हो, कूळ."

"मग कूळकायदा लागला. कुळाचे हयात वारस समक्ष हजर करा."

सांगलीत सर्कस उतरली होती. आकारामानं अर्जुना माहुताच्या हातापाया पडून हत्ती आणला. कचेरीच्या दारात मावेना, म्हणून त्याचा जबाब खिडकीतून झाला. अंगठ्याच्या जागी सोंडेचा ठसा घेतला, 'समक्ष' असा शेरा पडला. हत्तीनं हरकत घेतली नाही. फक्त शाईची दौत प्याला.

"हा धाकट्या फांदीचा," नानासोंनी फाईल मिटली. "केसाळ हत्तींच्या फांदीचं काय?"

"ती फांदी हजारो वर्षांमागं संपली," सर म्हणाले.

"मृत्यूचा दाखला?"

सर कराडला निघून गेले. दाखल्यांच्या मागं आकारामाचे बारा दिवस गेले. तारीख एकतीस मे उजाडली.

त्या दिवशी कक्षात काम नव्हतं, नारळ होते. नानासोंसह पाच जण एकदम निवृत्त होत होते. नानासो शालीत डोळे पुसत होते.

"पाचांचा वाढदिस एकाच दिवशी, साहेब?" दारात आलेल्या आकारामानं विचारलं.

"सगळ्यांचा उद्या. एक जून."

"जलमदाखला बघून?"

"आमच्या गावात कुठला दाखला! आईला एवढंच आठवायचं, की त्या साली बैल मेला. गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात ने, पलीकडचा कान धर. बोटं कानाला टेकली. गुरुजींनी लिहिलं, सहा वर्षं पूर्ण, एक जून."

"म्हंजे... अंदाजे?"

नानासोंचं डोळे पुसणं थांबलं.

"साहेब, तुमचा हात बघून वय ठरलं, तिच्या घड्या बघून ठरलं. दाढेला कान न्हाई, ह्योच तिचा गुन्हा व्हय?"

आधी शिपाई हसला. मग नानासो असे हसले, की शाल खाली आणि नारळ टेबलाखाली. शेवटची सही करण्याआधी त्यांनी दाढेच्या रकान्यात लिहिलं : 'जन्मतारीख १ जून, इसवी सनापूर्वी अठ्ठेचाळीस हजार.' दोरी सुटली. गवंडी दिवसरात्र खपले. मृगाच्या आदल्या दिवशी बनुबाईनं विहिरीचा शेवटचा चिरा चुना लावून बसवला.

हसलात ना? आता घरी जाऊन आपापला शाळेचा दाखला काढा. निघाली एक जून? त्या एका अंदाजावर तुमची नोकरी, लग्न, बढती, पेन्शन सगळं खरं ठरलं. आणि तुम्ही परवाच कचेरीच्या खिडकीवर आलेल्या म्हातारीला वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवलंत. तेव्हा माझ्या राजांनो, कानाला हात लावा, आणि हात तिथं पोचला आहेच तर एकही कागद न मागता आपल्याला वय देणाऱ्या त्या गुरुजींची आठवण ठेवा.