पाहुण्यांची खोली

महापालिकेचे साहेब मागची खोली बघायला येणार म्हटल्यावर बाळासोंच्या तोंडचं पाणी पळालं. खोली त्यांच्या आईची, चिमणाबाईंची. म्हातारीला जिना चढवत नव्हता आणि खालची पुढची खोली पाहुण्यांसाठी सोफा मांडून राखलेली. म्हणून कुंपणालगत, नियमानं मोकळ्या सोडायच्या जागेतच बाळासोंनी चार भिंती उभ्या केल्या होत्या. परवाना काढायचं तेवढं राहून गेलं होतं.

"गोठा म्हणून सांग की," त्यांचा दोस्त कृष्णात म्हणाला. "गोठ्याला कोण परवाना इचारतंय? माझी म्हस ने."

झालं. खाट, पेटी, देवाचा फोटो, सगळं माडीवर गेलं. "खोलीला रंग द्यायचाय," असं सांगून आईला शेजारी बसवलं, आणि ते सांगताना बाळासोंना तिच्याकडं बघवेना. म्हैस मात्र फरशीवर घसरायला लागली. वर धारेची वेळ टळली, तशी ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रेकू लागली.

साहेब आले तेव्हा पंख्याखाली म्हैस होती आणि म्हशीखाली चरवी धरून साक्षात चिमणाबाई. ते रेकणं ऐकून त्यांना शेजारी बसून राहवलं नव्हतं.

"काय हाय हे?" साहेबांनी विचारलं.

"गोठा, साहेब," बाळासो म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "पावणं, राहती खोली असती तर दंड घेऊन नियमात बसवली असती. भरवस्तीत गोठा चालत न्हाय. पाडायला लागंल."

"न्हाय न्हाय, खोलीच हाय ती. आई राहती हितं."

"आत्ता तर गोठा म्हणालासा. आजी, तुम्हीच सांगा, खरं काय?"

चिमणाबाईंनी लेकाकडं पाहिलं. चारचौघांत तो खोटा पडत होता. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "गोठाच हाय. माझा पोरगा खोटं बोलत न्हाय."

"मग तुम्ही कुठं राहता?"

"मी व्हय? मी पावणी. जातो की उद्या माघारी माझ्या गावाला, गडमुडशिंगीला."

धरणीनं पोटात घ्यावं असं बाळासोंना झालं. आई जी अब्रू झाकत होती, ती त्यांनी सकाळी तिला खोटं सांगतानाच घालवली होती.

"पाडा साहेब," ते कसंबसं म्हणाले. "गोठाच हाय. आई घरात राहती."

संध्याकाळी सोफा बाहेर आला आणि आईची खाट पुढच्या खोलीत गेली. खाटेवर टेकून चिमणाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला.

"हिलाच रंग द्यायचा हुता व्हय रे?"

बाळासोंनी खाली मान घालूनच हो म्हटलं.